नवरा समुद्रापार

वेन्डल, तुझा बुटांचा खोका शेवटी मीच उघडला.
तुझ्या बायकोने नको म्हटल्यावर
गॅरेजमधून उचलून गाडीत घातला.
वर ते ढालीचं चित्र, तीन सोनेरी मासे,
जत्रेत साडेएकोणीस डॉलरला घेतलेलं,
आणि खाली चारशे वर्षं, रबरबँड लावून.

हात लावताच रबर तुटलं.

थर्लबी, थर्लबाय, थोर्लबी, तुर्लबे.
दर कारकुनाने आपापल्या कानाने ऐकलेला माणूस.
सोळाशे पस्तीस, इप्सविचहून निघालेलं जहाज:
इझिकेल, वय तीस, कातडी कमावणारा,
सोबत कोणी नाही.
त्या शेवटच्या तीन शब्दांखाली तू लाल रेघ मारलीस.
केवढा ताठ झाला असशील मारताना.
एकटा माणूस, एक कुऱ्हाड, एक देव.

मग इकडचे कागद.
प्रार्थनाघरात दुसऱ्या बाकावर जागा.
शेजाऱ्याला पाच शिलिंग दंड,
रविवारी सफरचंदं झोडपली म्हणून;
साक्षीदार, इझिकेल थर्लबी.
एकोणचाळीस साली लग्न, पेशन्सशी. मुलं सात.
मेल्यावर घरातल्या वस्तूंची यादी:
लोखंडी हंडा एक, कथलाच्या थाळ्या दोन,
एक म्हातारी डुकरीण,
पिसांची गादी, निम्मी चांगली.
इस्पितळात तुला हे वाचून दाखवलं तेव्हा
नळ्या हलेपर्यंत हसलास,
म्हणालास, आपल्या घराण्यासारखीच.

एप्रिलमध्ये मी तिकडे जाऊन आले.
सफोक. थंडी, सपाट शेतं, ओली मेंढरं.
दप्तरखान्यात जुन्या वहीला उशी देतात,
माणसाला लाकडी खुर्ची.
कसर लागलेली पानं, वळणदार, तिरकं अक्षर,
चर्चच्या कारभाऱ्यांचा गरिबांवरचा खर्च.

१६३६. अ‍ॅग्नेस थर्लबीला, जळण.
१६३७. थर्लबीच्या बायकोला, जळण.
१६४०. तिलाच, बुटांचा एक जोड.
१६४४. ताप होता तेव्हा, दूध आणि पाव.
नाव एकदाच. पुढे पंचवीस वर्षं नुसती
थर्लबीची बायको,
आणि समासात, दरसाल, न चुकता,
नवरा समुद्रापार.

कातडी कमावणाऱ्याच्या बायकोला
गावाने बूट दिले, वेन्डल.

कदाचित ती गेल्याचं कुणी त्याला सांगितलं असेल.
कदाचित पत्र बुडालं.
कदाचित तीच म्हणाली असेल, मी नाही येत.
मी एकतीस वर्षं कर खात्यात काढली,
टेबलापलीकडून कदाचित म्हणणारे पुष्कळ पाहिले.
त्यातले काही खरंही बोलत.

१६६१. कफनाला कापड, चार वार.
घंटा वाजवणाऱ्याला बिअर.
दफनाच्या नोंदवहीत आधी विधवा लिहिलंय,
मग खोडून, वर, बारीक: पत्नी.
गावाला माहीत होतं.
टाक थांबवून कुणीतरी आठवून पाहिलं होतं.

आणि इकडे त्याची पहिली मुलगी, रिमेंबर.
आठवण ठेव.
देवाची आठवण, तू म्हणायचास,
त्या लोकांची नावं तशीच असत.
असतील.
पण रोज संध्याकाळी तो दारात उभा राहून
पोरीला जेवायला हाक मारत असेल ना,
मोठ्याने, त्याच नावाने,
आणि झाडांवरून आवाज परत येत असेल.

आपण तिचे नाही. तिच्या धाकट्या भावाचे.

तुझा तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरलाय.
चार कोपऱ्यांवर चार कॅन, टोमॅटो सूपचे,
नाहीतर गुंडाळी होते.
अ‍ॅग्नेसला त्यात जागा नाही.
तिच्यापासून कुणी नाही, रेघ न्यायची कुठे?
इझिकेलच्या डावीकडे तुझ्या कॉफीच्या कपाचं
एक तपकिरी वर्तुळ उमटलंय.
त्यात पेन्सिलीने नाव लिहिलं.
रेघ काढली नाही.

मासे परत खोक्यात ठेवले.
उद्या रबरबँड आणायला हवेत,
जाडसर मिळाले तर.