जानेवारीला एकतीस दिवस

ग्रंथालयाच्या तळघरात नऊ घडीच्या खुर्च्या,
चहाची एक टाकी, तोटी गळकी,
आणि माझ्या हातात आराखडा, रंगीत, तीन पानी:
भिंत रंगवू या. डबे गोळा करू या.
आजीआजोबांना गाणी म्हणून दाखवू या.
शाळा संपण्याआधी प्रत्येकाने चाळीस तास समाजाला द्यायचे,
असा इथला नियम;
एकोणीस मुलांनी हात वर करून तो आराखडा पास केलेला.
बाहेर सुपीरियर सरोवरावरून वारा असा येत होता
की गाड्यासुद्धा अंग चोरून उभ्या.

नगरपालिकेच्या बाई आधी बोलल्या, कोट न काढता.
"बंदराजवळची ती भिंत ना?
चार वर्षांत चार शाळांनी रंगवली.
आता भिंत कमी, रंग जास्त.
देवमासा, मग इंद्रधनुष्य, मग हातांचे ठसे,
मग पुन्हा देवमासा.
आमच्या सरोवरात देवमासा नाही, ते एक जाऊ दे."

फूड बँकेचा रेजां थिबो काहीच बोलला नाही.
पिशवीतून एकेक डबा काढून टेबलावर मांडत गेला.
अननस. अननस. बीट, मुदत संपून सहा वर्षं.
अननस.
"मन मोठं आहे तुमच्या मुलांचं," शेवटी म्हणाला,
"पण भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या माणसाकडे
ओपनर असतो का, हे कुणी विचारलं?"
मी वहीत लिहिलं: ओपनर. खाली रेघ मारली.

वृद्धनिवासाची आयली विणत होती, नजर सुयांवर.
"डिसेंबरात तीन शाळा येतात, कधी एकाच दुपारी.
तेच गाणं तीनदा.
म्हातारे टाळ्या वाजवतात. शिकलेत ते.
जानेवारीत चिटपाखरू फिरकत नाही.
आणि जानेवारीला एकतीस दिवस असतात."

मी आराखडा उलटा केला. मागची बाजू कोरी होती.
"मग काय हवंय तुम्हाला?"
हा प्रश्न आधी विचारायचा असतो,
हे बावीस वर्षं शिकवून
मला त्या गळक्या तोटीखाली कप धरताना कळलं.

शेवटच्या खुर्चीवरून शायलाने हात वर केला
(पाच मुलं यायची होती, ती एकटीच आली होती):
"विचारायला आल्याचे तास धरतात का?"
रेजां पहिल्यांदा हसला.
फॉर्मवर तसा रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, दोन तास, आणि सही ठोकली.

पुढचं सगळं कागदांचं.
पोलिसांचा दाखला, पालकांची संमती, विमा,
बर्फ पडला तर मुलांना नेणार कोण,
ओपनरांसाठी नव्वद डॉलर, त्यावर तीन सह्या.
सात मुलं गळाली.
ओवेन म्हणाला, ओपनर वाटतानाचा फोटो काय काढणार?
तरी त्याला घेतला. गाडी त्याच्याकडे होती.

दाखल्याला सात आठवडे लागले.
ज्यांची पत्रं वाचून दाखवायची, ते मिस्टर कीवेला
सहाव्या आठवड्यात इस्पितळात गेले
आणि तिथूनच गेले.
शायलाला मी गाडीत सांगितलं.
ती काचेवरची वाफ पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.
"त्यांची पत्रं?"
"आयलीकडे. न उघडलेली."
बराच रस्ता गेला.
"त्यांच्या शेजारच्या खोलीत कोण असतं?"

शेजारच्या खोलीत मिसेस डूसेट.
त्यांना पत्रं येत नाहीत.
पत्ते खेळतात, मंगळवारी चार वाजता, आणि उघड लबाडी करतात.

मार्चअखेर फॉर्म माझ्या टेबलावर आला.
चाळिसाच्या जागी चव्वेचाळीस तास.
'कामाचे स्वरूप' या रकान्यात पहिल्या ओळीवर एकच शब्द:
हरले.
खाली ओळीओळीला: वरीलप्रमाणे.

त्याच दुपारी रेजांचा फोन.
तीस ओपनरांत एक डावखुऱ्यांसाठीचा निघाला, म्हणाला,
आणि नेमका तोच सगळ्यात आधी गेला.