पक्ष, साध्य, सिद्धता

पाण्याची मोटर जळली त्या रविवारी
ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये
खुर्च्या मांडल्या. अकरा जण आले.
इतिवृत्ताची वही नेहमीसारखी माझ्याकडे.
बत्तीस वर्षं भूमिती शिकवली मी;
अक्षर चांगलं आहे, एवढीच माझी पात्रता.

विषय पहिला आणि शेवटचा:
लखू भोये, वॉचमन, रात्रपाळी.

तांडेल म्हणाले, हा माणूस आला श्रावणात,
मोटर गेली भाद्रपदात. आणखी काय पुरावा हवा?
मी समासात पेन्सिलीनं एक कावळा काढला,
शेजारी एक मोडकी फांदी.

गुप्तेबाई म्हणाल्या, आधीचाही जव्हारचाच होता,
तोही झोपायचा.
एका शितावरून भात,
आणि शीत दुसऱ्याच पातेल्यातलं.

मी म्हटलं, वायरिंग एकदा तपासून घेऊ या.
तांडेल खुर्चीसकट वळले:
म्हणजे बाईंचं म्हणणं, वॉचमनच नको,
गेट काढून टाका, या म्हणावं कुणीही!
साप कुठंच नव्हता.
भुई मात्र चांगलीच धोपटून निघाली.

आणि तुमचा मेन्टेनन्स, बाई, दोन महिने थकलाय ना?

थकलाय.
तांब्याच्या तारेला त्यानं काय फरक पडतो
हे विचारायचं राहून गेलं. कान तापले होते.

मग वझरकरांचा मेहुणा निघाला, नौदलातला,
त्याचंही मत हेच पडलं म्हणे.
(पाण्याशी संबंध आहे, हे मान्य करावं लागेल.)

मला आठवी ब आठवत होती,
शेवटच्या बाकापर्यंत आवाज चढवून मी सांगायचे:
प्रत्येक चौरस आयत असतो, बाळांनो,
प्रत्येक आयत चौरस नसतो!
झोपणाऱ्याची मोटर जळते, मान्य;
पण जळली म्हणून झोपलाच होता?
व्यत्यास वेगळा सिद्ध करावा लागतो.
हे मी मनात म्हटलं. वहीत लिहिलं: साधकबाधक चर्चा झाली.

नऊ विरुद्ध दोन.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथं तर चार जास्तीचे.

जिना चढताना, खरं सांगते, मी खुशीत होते.
सगळ्यांच्या सिद्धता चुकलेल्या,
म्हणजे साध्यही खोटं. लखू निर्दोष.
इतकं सरळ.

रात्री त्याला हेच सांगायला खाली गेले.
रबाळ्याकडून तो नेहमीचा कुजकट वास येत होता.
लखू सतरंजीची गुंडाळी करत होता.
म्हणाला, बाई, मोटर माझ्याच हातनं गेली.
खालची टाकी कोरडी होती, मी बघितलीच नाय,
बटण दाबलं आन् बसल्या बसल्या डोळा लागला.
दिवसपाळीचा तीन दिस आला नव्हता.

मग मघाशी बोलला का नाहीस?

कुनी इचारलं नाय.

गेटपासून खुर्च्यांपर्यंत वीस पावलं. फार तर बावीस.

पोरांच्या वहीत असं सापडायचं कधीकधी:
रीत पार चुकलेली, खालचं उत्तर बरोबर.
पाचांतला एक गुण द्यायचे मी, उत्तराचा.
म्हणजे तांडेलांना एक.
माझी रीत चूक, उत्तरही चूक,
लाल रेघा मात्र सगळ्यात जास्त मीच मारलेल्या.

आणि सगळ्यात वरची ती ओळ, पक्ष,
म्हणजे काय दिलं आहे,
अकराही जणांनी कोरी सोडलेली.
त्या तीन दिवसांबद्दल आता कुणाला विचारायचं,
कुठल्या विषयाखाली,
हे अजून ठरत नाही.

एक तारखेला पहाटे साडेपाचला पाणी आलं.
नवा माणूस मिळाला नव्हता.
दुरुस्त मोटर लावायला मीच उतरले,
आणि बटणाला हात लावण्याआधी
गुडघे टेकून झाकण सरकवलं,
टॉर्च धरून आत पाहिलं.