सात अ

मोबाइलवर खुर्च्यांचा नकाशा उघडला
तर आप्पा म्हणाले, हा तर आपला ग्राफ.
चाळीस वर्षं जेकार्डचे पुठ्ठे ठोकलेला माणूस,
भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली.
निळा चौकोन म्हणजे रिकामी, मी सांगितलं.

मग दोन रात्री खल.
पंखापाशी नको.
सकाळचं ऊन डोळ्यांवर नको.
सिद्धेश्वरचं तळं दिसलं पाहिजे,
जमलं तर एकरूखचं पाणी,
आणि साखर पेठेतला आपला पत्रा.
समोरच्या रामव्वा म्हणाल्या,
मी पत्र्यावर लाल चादर टाकते, दगड ठेवून.
बघा ओळखता येतंय का.

सात अ. दीडशे रुपये जास्त.
किती, म्हणून आप्पांनी दोनदा विचारलं.

होटगी रोडवरून उडालं
आणि कललं उजवीकडं.
तिकडचे सगळे काचेला नाक लावून गाव बघतायत,
आमच्या खिडकीत नुसतं आभाळ,
धुतलेलं, कोरं, एक धागा नाही.
मला त्यांच्याकडं बघवेना.

सरळ झालं तेव्हा खाली भलतीच कुठली रानं,
बांध, ज्वारी, एक वाकडा ओढा.
आप्पा बोटानं काचेवर मोजत होते.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"रिपीट नाही गं. कुठंच रिपीट नाही.
एवढे पुठ्ठे कुणी ठोकले असतील?"

संध्याकाळी रामव्वांचा फोन. दिसली का?
"दिसली की," आप्पा म्हणाले,
माझ्याकडं न बघता,
"कोपऱ्यातला दगड तेवढा सरकलाय."