पिऊ नये

ती पाटी मीच रंगवली होती.
दोन बाय तीनचा पत्रा, आधी रेड ऑक्साईडचा हात,
वर पिवळा, त्यावर काळी अक्षरं.
वरच्या ओळीत कन्नड, खालच्या ओळीत मराठी,
कोपऱ्यात अगदी बारीक: भरमा आर्ट्स, वडगाव.
साडेआठशे ठरले. सहाशे मिळाले.

विहीर हत्तरगी बोळाच्या तोंडाशी.
नळाला पाणी आठ दिवसांनी, कधी अकरा,
मधले दिवस बोळ तिच्यावरच काढतो.
पलीकडं रंगाचा कारखाना, साड्यांचं सूत तिथं बुडतं,
त्यामुळं आमचं गटार वाराप्रमाणे रंग बदलतं,
सोमवारी जांभळं, गुरुवारी मोरपंखी.
पेंटर माणूस मी, खोटं कशाला बोलू,
कधी कधी थांबून बघावंसं वाटायचं.
हे गटार संडासांच्या लाईनला जिथं आडवं जातं
तिथंच, हातभर खाली, विहिरीचा झरा.
सगळ्यांना माहीत. नकाशात नाही.

खोदायचं एस्टिमेट साडेचार लाख.
पाटीचं साडेआठशे.
म्हणून पाटी.

'पिण्यास योग्य नाही' लिहू, का 'पिऊ नये'?
साहेब चहा पीत होते,
कुठल्या पाण्याचा, ते मी विचारलं नाही.
म्हणाले, 'पिऊ नये' लिही. अक्षरं कमी.

महिन्याभरात एका रात्री
खालच्या ओळीला कुणी डांबर फासलं.
दोन रात्रींनी वरच्या ओळीला.
दोन्हीकडची पोरं मला ठाऊक आहेत,
दोघांच्या दुकानांच्या पाट्या माझ्याच हातच्या.
डांबरही बहुतेक एकाच डब्यातलं, रस्त्याच्या कामावरचं.

त्यानंतर म्हादेवी राहायला आली, यरगट्टीकडची,
नवरा सेंट्रिंगला, पोर एक, कस्तुरी.
म्हादेवीची शाळा कन्नड, आजोळ निपाणीचं,
दोन्ही लिप्या तिला भरभर वाचता यायच्या.
घागर कडेला टेकवून ती पाटीपुढं उभी राहिली,
काळ्या पत्र्याकडं बघितलं थोडा वेळ,
आणि दोर सोडला.

कस्तुरीच्या डोळ्यांतला पिवळा मी ओळखला.
क्रोम यलो नव्हे.
त्यात चिमूटभर हिरवा पडला की होतो, तो.
सिव्हिलात अकरा दिवस.
परत आली, काठीवर फ्रॉक वाळत घातल्यासारखी.
तिसऱ्या दारातली शकू, सातवा महिना सुरू होता,
ती परत आली नाही.
बोळात त्या दिवशी चूल पेटली नाही,
तरी संध्याकाळी
विहिरीवर रहाट वाजत होताच.

साहेब पुन्हा आले. नवी पाटी करू, म्हणाले,
या वेळी वर कुठली भाषा घ्यायची, तेवढं फक्त वरून कळू दे.
मी म्हणालो, खोदा की.
ते टेंडर वेगळं, म्हणाले.

मग आशाताई आल्या, रेणुका मास्तमर्डी,
पिशवीत बोटाएवढ्या बाटल्या, तळाशी औषध.
पाणी भरायचं, उबेला ठेवायचं, उद्या बघायचं.
एक विहिरीच्या पाण्याची भरली,
एक नळाच्या, माझ्या घरच्या पिंपातल्या.
रात्रभर दोन्ही माझ्या जुन्या घोंगडीत झोपल्या.
सकाळी नळाची होती तशीच.
विहिरीची इतकी काळी
की तसला काळा मला दुकानात कधी मिळाला नाही.

दोन्ही बाटल्या तारेनं पाटीवर टांगल्या,
डांबराच्या वर, शेजारी शेजारी.
नाव घातलं नाही.

आधी आली गंगव्वा, अंगठा उठवणारी.
एक बाटली बघितली, दुसरी बघितली,
काळी बोटानं जराशी हलवली.
तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली,
कुठल्या भाषेत ते मला ऐकू आलं नाही,
आणि रिकामी घागर काखेत घेऊन मागं फिरली.

बोळाच्या वळणावर थांबली.
आज नववा दिवस. नळ कोरडा.
माझ्या पिंपात गुडघाभर पाणी असेल.
तिनं माझ्याकडं बघितलं.
मी हातातला ब्रश रॉकेलमध्ये बुडवला,
पुन्हा बुडवला,
आणि दार उघडायला उठलो.