पाणी कुठे मुरतं

रात्री दीड ते पहाटे चार,
गावातले नळ झोपलेले असतात तेवढ्या वेळात
हिसाए ओनोदेरा रस्त्याला कान लावते.

दीड मीटरची पोलादी काठी,
वरच्या टोकाला पितळी वाटी, आत पातळ पडदा.
वाटी कानाशी, टोक झडपेच्या डोक्यावर.
श्वास धरायचा. बर्फावरचे पाय हलवायचे नाहीत.
ऐकू येतं ते आधी स्वतःचंच रक्त,
मग ट्रान्सफॉर्मरची गुणगुण,
मग, असलंच तर,
फटीतून निसटणाऱ्या पाण्याचं
सुईच्या नेढ्याएवढं श्श्श.

पाणी कुठे मुरतंय हे शोधण्याचा
तिला पगार मिळतो. एकतीस वर्षं.

तिला शिकवणारा तोकुजी म्हणायचा,
गळती बोलते.
गप्प पाईप एक तर धडधाकट, नाहीतर रिकामा.
काठीला त्यातला फरक कळत नाही.

पाईप टाकले तेव्हा गाव बारा हजारांचं होतं
आणि वीस होणार होतं.
कारखाना येणार होता. आला. गेला.
वाढत्या अंगाचा म्हणून शिवलेला कोट,
आणि अंग आटत गेलेलं.
एवढ्या रुंद पाईपांतून आता तीन हजारांची तहान वाहते,
इतकी सावकाश की वाटेतच शिळी होते;
म्हणून महिन्यातून एकदा पालिकेचा माणूस
टोकाचा हायड्रंट उघडून
पाणी ओढ्यात सोडून देतो.

डिसेंबरात बैठक झाली. भिंतीवर नकाशा, तीन रंगांत.
निळे बदलायचे, पिवळे पुढे बघू,
करडे...
करड्यांचं वाक्य अर्धंच राहिलं.
आता म्हणे उपग्रहातून ओल दिसते,
खांबाखांबावर यंत्रांचे कान बसणार.
हिसाएने विचारलं, करड्यांवरही?
कुणीतरी उठून हीटर वाढवला.

करड्या रेघेच्या शेवटी कामिनोसावा.
तीन घरं, उजेड एकात.
चार किलोमीटर पाईप, एक माणूस.
भागाकार कुणालाही येतो.

त्या रेघेवर हिवाळाभर एक आवाज असतो.
नवखा त्याला गळती म्हणेल.
पाईप गोठू नये म्हणून शोहेइ कुमागाई
रात्री नळ दोऱ्याएवढा सोडून झोपतात.
हिसाए वहीत लिहिते, गळती नाही,
आणि त्या झडपेपाशी
गरजेपेक्षा मिनिटभर जास्त उभी राहते.

नऊ फेब्रुवारीला तिथे काहीच ऐकू आलं नाही.
तिने टोक पुसलं. पुन्हा टेकवलं.
टोपी काढली.
रक्त. नुसतं रक्त.

गाडी चढावर दोनदा घसरली.

कुमागाई अंगणात होते.
झऱ्याकडून येत होते, दोन हातांत दोन बादल्या,
गुडघाभर बर्फात स्वतःच्याच पावलांची वाट.
"मुख्य कॉक बंद केलाय," ते म्हणाले,
जणू ती मीटर बघायला आली होती.
"पत्र आलं ना, दोन वर्षांनी टँकर म्हणून.
सवय करतोय.
मलाही. पाईपलाही."

मग चहा. त्यासाठी त्यांनी बादलीतलं पाणी
फडक्यातून गाळलं, दोनदा.
अर्धा कप ठेवून ती उठली,
न विचारता कॉक फिरवला.
पाईप खोकला. हवा, मग गंज, लालसर,
मग दुधाळ, मग पाणी.

"साचलं की गोठतं," ती म्हणाली,
"फुटला असता, तर दुरुस्ती माझ्याच माथी."
हे खोटं होतं. करडे दुरुस्त होत नसतात.
त्यांनी मान डोलावली,
चष्मा पुसला.

परतताना ती झडपेपाशी थांबली.
तारीख. वेळ. झडप क्रमांक दोनशे सतरा.
निष्कर्षाच्या रकान्यात पेन उमटेना, शाई थिजलेली.
तोंडाची वाफ देऊन तिने लिहिलं,
प्रवाह आहे.