द्वितीय पुरुष, एकवचन

आमच्या घरात बाबांना तुम्ही,
आईला तू,
गणपतीला तू, दारातल्या कुत्र्याला तू,
पोळी करपली की तव्यालाही तूच.
म्हणजे हा शब्द हात उगारून येतो
हे मला ठाऊकच नव्हतं.

तो आधी आप म्हणायचा.
भंवरकुव्याच्या क्लासखाली, झेरॉक्सच्या रांगेत,
आप पहले ले लीजिए.
मग थंडीत, छप्पनला गराडू खाताना, तुम झालं.
ओठाला जीरावन लागलं होतं माझ्या,
त्यानं नुसतं बोटानं दाखवलं, पुसलं नाही.
इतका सभ्य.
चंचल पाटीदार म्हणाली, असे मिळत नाहीत, सांभाळ.

तू आलं ते एका मंगळवारी,
पलासियाच्या सिग्नलवर.
स्कूटी माझी, तो मागे बसलेला.
तू किससे बात कर रही थी?
मी ते मराठीत ऐकलं.
खरंच सांगते, बरं वाटलं मला.
वाटलं, आला हा चपला काढून घरात.

मग लाइव्ह लोकेशन.
रामबागेपासून क्लास बावीस मिनिटं,
सव्विसाव्या मिनिटाला फोन.
सराफ्यात मावशीबरोबर भुट्ट्याचा कीस खात होते,
तर कीस दाखव म्हणाला. दाखवला.
मावशी दाखव म्हणाला.
त्याचा कॅमेरा बंद होता.
मावशीनं त्या काळ्या चौकोनाला हात हलवला,
कोण गं?
क्लासमधली मुलगी, मी म्हटलं.
बाई बाई, किती जीव लावते!

मे महिन्यात इंदुरात सगळ्याच मुली
तोंडाला ओढणी गुंडाळून हिंडतात,
दंडापर्यंत पांढरे हातमोजे, डोळ्यांवर गॉगल.
सिग्नलला पन्नास उभ्या असल्या
तर आईलाही आपली ओळखू येऊ नये.
माझं मनगट चार बोटं जांभळं होतं,
ते उन्हानं झाकून दिलं.
कोणी काही विचारलं नाही, विचारणार काय?
मीच शेजारच्या स्कूटीकडे बघायचे.
हिचं ऊनच असेल ना.

त्यानं दिलेलं घड्याळ त्याच मनगटावर होतं.
सकाळी कचऱ्याची गाडी आली दारात,
ओला वेगळा, सुका वेगळा,
आमचं शहर याबाबतीत फार कडक.
मी घड्याळ हातात धरून उभी.
भैया, ये किसमें डालूँ?
चल रही है?
हाँ.
तो फिर काहे फेंक रही हो, दीदी?
गाडी पुढे गेली. मी घड्याळ परत घातलं.
त्याच्यानंतर दोन महिने घातलं.

शेवटी सुटले ती काही धीटपणानं नाही.
पार्किंगमध्ये त्यानं किल्ली मागितली,
माझ्याच गाडीची,
आणि माझ्या तोंडून निघालं,
आप घर जाइए.
ठरवलं नव्हतं. आमच्याकडे परक्यांशी असंच बोलतात.
तो हसला. आप?
मागे वळून कोणाला तरी सांगावं तसं परत म्हणाला, आप?
तेवढ्यात गाडी सुरू झाली होती.
एका सर्वनामाएवढा वेळ मिळाला मला.

नंबर बदलला. क्लास बदलला.
चंचल रोज गेटापर्यंत येते सोडायला,
ते सांभाळ म्हणाल्याचं ती विसरलेली नाही,
म्हणून तर येते.

काल आई ओट्यापाशी, पाठमोरी, कणीक मळत होती.
म्हणाली, तू कुठे होतीस गं इतका वेळ?
साधंच. रोजचंच.
आणि मी काही न बोलता
फोन उघडून तिच्यासमोर धरला,
नकाशा, कॉल, मेसेज, सगळं.
बघ.

आईचे हात कणकेत तसेच.
फोनकडे तिनं पाहिलंच नाही,
माझ्या हाताकडे बघत राहिली,
म्हणाली, तू…
आणि थांबली.
पुढचा शब्द
बराच वेळ तिला सापडेना.