पोहऱ्यात

सहम गावच्या पेट्रोलपंपाखालची टाकी
कधीपासून गळतेय, ते टाकीलाच ठाऊक.
माझ्या हातात एवढंच:
सात निरीक्षण-विहिरी,
वाळूची सच्छिद्रता शून्य पूर्णांक अठ्ठावीस,
आणि गुरुवारची मुदत.

मी जमिनीचे चौकोन पाडते,
पंपाजवळ बारीक, लांब गेलं की ढोबळ.
बारा हजार घरं. प्रत्येकात एक आकडा राहायला येतो
आणि शेजारच्याकडे थोडा थोडा झिरपतो.
पश्चिमेला डोंगर, तिथून गोडं पाणी आत.
पूर्वेला समुद्र, पातळी शून्य.
उत्तर-दक्षिणेकडून काही येत नाही, जात नाही,
असं मी मानते. मानावं लागतं.
कुठेतरी कुंपण घातल्याशिवाय गणित सुटत नाही.

बेंझिन पाण्याइतकं धावत नाही.
कणाला चिकटतं, सुटतं, पुढच्याला चिकटतं.
या रेंगाळण्यालाही एक गुणांक असतो.
आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
म्हणजे तुझ्यासारखंच. दोन वर्षांसाठी गेली होतीस.

रात्री अडीचला उत्तर आलं:
खजुराच्या बागांपर्यंत एकेचाळीस वर्षं.
पडद्यावर जांभळा डाग, नासपतीसारखा लांबट.
खरं सांगते, मला तो देखणा वाटला.

सकाळी बोअरवाला दाद करीम म्हणाला, गाडीत बसा.
खलफानच्या बागेमागे, गवताच्या शेतापल्याड
एक विहीर.
परवाना नाही म्हणून नोंद नाही,
नोंद नाही म्हणून माझ्या बारा हजारांत तिला घर नाही.
पंप फक्त रात्री चालतो.
रखवालदार मोतालिब, सिल्हेटचा.
दोरीला बांधलेला दूध-पावडरचा डबा
त्यानं वर ओढला, माझ्या नाकापाशी धरला.
ईदपासून चहाला वास येतो, म्हणाला.
मालक म्हणतो, पाइप नवा आहे.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं आमच्याकडे म्हणतात.
माझ्या गणितात तर आडच नव्हता.

परत येऊन एका चौकोनात एक ऋण आकडा भरला:
रात्रीचा उपसा, अंदाजे.
डाग हळूच वळला,
हाक ऐकून कुणी मान वळवावी तसा.
एकेचाळिसाची झाली तीन वर्षं.
तीही कधीच सरलेली.

हा चौकोन अहवालात गेला
तर विहीर बुजेल, खलफानला दंड,
आणि मोतालिबचा व्हिसा विहिरीइतकाच खोल.
नाही गेला, तर चहा.

गाडीत पाण्याचे दोन खोके होते, ते त्याच्याकडे ठेवून आले.
आज बुधवार.